पंपावरही तारे हवेत

अटलजींच्या पंतप्रधानपदाच्या काळात, २००१ साली, ऊर्जा संवर्धन कायदा झाला. उपकरणांची मानके केंद्राने ठरवावीत, अंमलबजावणी राज्याने पाहावी, अशी त्यात वाटणी आहे. महाराष्ट्रात हे दायित्व महाऊर्जाकडे आहे. २०१० मध्ये वातानुकूलन यंत्रांवर, २०२३ मध्ये छताच्या पंख्यांवर तारांकन सक्तीचे झाले. कृषिपंप मात्र ऐच्छिक यादीत राहिले.

लातूर-नांदेडच्या कास्तकाराला वातानुकूलन यंत्रावरील ताऱ्यांचे काय? त्याची वीज बोअरमधील सबमर्सिबल पंपात जाते. पाणी तर खोल खोल चालले आहे. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. वारंवार रिवाइंडिंग केलेली मोटार वीज अधिक ओढते, पाणी कमी देते. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना शासनाने वीजबिल माफ केले. दिलासा योग्यच, पण बिलच नसेल तर महागडा कार्यक्षम पंप कोण घेणार? अपव्ययाचा भार तिजोरीवर पडतो, तसाच गावच्या रोहित्रावरही, आणि रोहित्र जळाले की पीक शेतकऱ्याचेच वाळते. म्हणून या अनुदानाचा काही अंश जुने पंप बदलून देण्याकडे वळवावा आणि पंपांच्या सक्तीच्या तारांकनासाठी राज्याने दिल्लीत आग्रह धरावा.