धरणाला टेकू, शाळेला लिलाव

कोयना खोऱ्यातल्या आपल्या गावची दगडी शाळा निर्लेखित झाली. कौलं, सागवानी कैच्या, तुळया आणि घडीव दगड यांच्या लिलावाची नोटीस शाळेच्याच भिंतीवर डकवली, तेव्हा बहुतेकांना हे कळलं. राग सगळ्यांनाच आला आहे, तो वाढवायला हे पत्रक काढलेलं नाही. शाळेसाठी गावाने किती दगड वाहिले, तिथे कोण कोण शिकून मोठं झालं, हेही सांगत बसत नाही. बोलायचं आहे ते निर्लेखनाच्या सवयीबद्दल. जुनी इमारत दिसली की तपासायची नाही, सावरायची नाही, कागदावर ‘धोकादायक’ लिहायचं आणि मोकळं व्हायचं, ही ती सवय.

११ डिसेंबर १९६७ची पहाट गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना अजून आठवते. ४ वाजून २१ मिनिटांनी जमीन हलली. सहाच्या वरचा भूकंप. दीडशेहून अधिक माणसं गेली, कोयनानगरातली बहुतेक घरं पडली. आणि १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणालाही तडे गेले. आता सांगा, धरणाचं निर्लेखन झालं का? दगडांचा लिलाव झाला? तडे एपॉक्सीने भरले, पोलादी तारा ओवून ताणल्या, उंच भागांना मागच्या बाजूने काँक्रीटचे भक्कम टेकू दिले. पुढे सांडव्याचा भागही बळकट केला. ते धरण आज उभं आहे, वीज देतं आहे, आणि त्याच्या मजबुतीवर विसंबून खालची गावं रात्री झोपतात.

‘धरणाची आणि शाळेची तुलना होते का?’ असं परवा एकाने विचारलं. होते, आणि ती आपल्या बाजूने होते. एवढ्या पाण्याचा रेटा अंगावर घेणारी भिंत सावरता येते, तर पाच वर्गांची एकमजली शाळा सावरता येत नाही हे कोणत्या शास्त्रात बसतं?

त्या पहाटे शाळाही उभी राहिली होती. पश्चिमेकडच्या आढ्याखालच्या त्रिकोणी भिंतीचे वरचे दगड तेवढे निसटले. ते पुन्हा बसवले तेव्हा गवंड्याने दर्जांत चुन्याऐवजी सिमेंट भरलं. तो करडा पट्टा आजही लांबून ओळखू येतो. त्याच्या खालीच ओल धरली आहे, कारण सिमेंटने दर्जा बंद केल्या की भिंतीतलं पाणी आत कोंडतं. एकदा टिकली म्हणून पुन्हा टिकेल, असा आमचा दावा नाही. २००२च्या भूकंप नकाशात आपण झोन चारमध्ये आहोत. धरण भरायला लागल्यापासून या भागात पाचपेक्षा मोठे वीसहून अधिक धक्के नोंदले गेले आहेत. शाळेला मजबुतीची गरज आहे, हे आम्ही इतरांच्या आधी म्हणत होतो. म्हणून तर पाडायची घाई बघून संताप येतो.

निर्लेखन घडतं कसं, ते बघा. दर पावसाळ्याआधी कौलं चाळायची असतात. ती चाळली जात नाहीत. फुटक्या कौलातून पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरतं, वाशांची टोकं कुजतात, दगडांमधला चुना धुपतो, भिंत पोटात पोकळ होत जाते. कौलं चाळायला दोन माणसं आणि चार दिवस लागतात, पण त्या खर्चाला ‘तरतूद नाही’. पंधरा-वीस पावसाळे असे गेले की भिंतीला फुगवटा येतो आणि अचानक सगळ्यांना मुलांच्या जिवाची काळजी वाटू लागते. मग ऑडिट, मग शेरा, मग निर्लेखन, मग नव्या इमारतीचा प्रस्ताव. त्याला मात्र तरतूद सापडते.

ऑडिटचा अहवाल आम्ही वाचला. वाचनीय आहे. छापील नमुना आरसीसी इमारतींसाठीचा आहे. ‘कॉलम’ या रकान्यात ‘नाही’, ‘बीम’ या रकान्यात ‘नाही’, आणि तरीही शेवटी ‘संरचना कमकुवत’. रिबाउंड हॅमरची चाचणी घेतल्याचंही लिहिलं आहे. ते उपकरण काँक्रीटचा कठीणपणा मोजायला असतं. काळ्या पाषाणावर ते मारून काय कळलं असेल? दगड कठीण आहे, हे. ते चौथीतल्या पोरालाही ठाऊक आहे, कारण त्याने त्यावर गुडघे फोडून घेतलेत. दगडी भिंतीचं मर्म दगडात नसतं. ते दर्जांत असतं, आतल्या भरावात असतं, कोपऱ्यांच्या सांध्यांत असतं. भिंत एका जागी उघडून बघितली का? नाही. हातोडीने ठोकून कुठे भरीव आणि कुठे पोकळ आवाज येतो, ते भिंतीवर खडूने आखलं का? नाही. भेग वाढते आहे की पन्नास वर्षांपूर्वीच थांबली, हे समजायला भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहितात. भेग हलली तर काच तडकते. ती पट्टीसुद्धा कुणी लावली नाही. रोग्याची नाडी न बघता मृत्यूचा दाखला द्यावा, तसा हा शेरा आहे.

दगडी भिंत माणसं मारते, हे खरं आहे. ते लपवण्यात अर्थ नाही. ३० सप्टेंबर १९९३ला, गणपती विसर्जनाच्या रात्री, किल्लारी परिसरात सुमारे दहा हजार माणसं गेली, ती बहुतांशी दगडमातीच्या भिंतींखाली. पण त्या का पडल्या, हेही तिथेच कळलं. दोन-अडीच फूट जाडीची भिंत म्हणजे प्रत्यक्षात दोन पातळ भिंती, मध्ये माती आणि डबर. दोन्हींना बांधणारा आरपार दगड जवळजवळ कुठेच नव्हता. हादऱ्याने दोन बाजू एकमेकींपासून सुटल्या, बाहेरची बाहेर पडली आणि आतली आत. वर माळवदाची टनावारी माती. पुष्कळ घरांत लाकडी खांब नि तुळया जागेवर राहिल्या आणि भिंती तेवढ्या ढासळल्या.

कारण कळलं म्हणजे उपायही कळला. भिंतीत ठरावीक अंतरावर दगड काढून आरपार भोक पाडायचं, त्यात वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं, की दोन पाती एक होतात. दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली आतून-बाहेरून जाळीचे पट्टे फिरवून ते एकमेकांना जोडायचे, म्हणजे चारही भिंती एकत्र हलतात. समोरासमोरच्या भिंती पोलादी सळयांनी ताणून धरायच्या, कैच्या भिंतींना जखडायच्या, त्रिकोणी भिंतींना आतून आधार द्यायचा. दर्शनी बाजूचा घडीव दगड झाकायचा नसेल तर पट्टे आतून घ्यायचे आणि बाहेर चुन्याने दर्जा भरायच्या. यात गूढ काही नाही. भारतीय मानक १३९३५ नेमकं याच कामासाठी १९९३ सालीच निघालं आणि २००९ साली सुधारलं गेलं. ते आपल्याकडे कुणी उघडल्याचं दिसत नाही. किल्लारीनंतरही मजबुतीकरणासाठी मिळालेल्या पैशांत पुष्कळांनी जुनी भिंत तशीच ठेवली आणि शेजारी नवी खोली बांधली. दगड म्हणजे मरण, स्लॅब म्हणजे जीव, ही समजूत तेव्हापासून घट्ट बसली.

तर आता स्लॅबबद्दल. वीस बाय पंचवीस फुटांच्या वर्गावर साडेचार इंची स्लॅब टाकला की त्याचं वजन तेरा टन होतं. कौलारू छप्पर लाकडासकट चार टनांच्या आसपास. भूकंप इमारतीला तिच्या वजनाच्या प्रमाणात हिसका देतो. स्लॅब नीट बांधला तर उत्तमच. पण ‘नीट’ म्हणजे कॉलम-बीमच्या सांध्यात रिंगा जवळजवळ असणं, त्यांची टोकं आत वळवलेली असणं, काँक्रीटला पाणी मारलेलं असणं. आपल्या तालुक्यातल्या बांधकामांवर हे किती वेळा दिसतं, ते ज्याने त्याने मनाशी म्हणावं. २६ जानेवारी २००१च्या भूकंपाचं केंद्र कच्छमध्ये होतं. तिथून दोनशेवर किलोमीटर लांब अहमदाबादेत कोसळल्या त्या आरसीसीच्या बहुमजली इमारती, आणि त्या पुरातन नव्हत्या. जुन्या भिंतींवरच नवा स्लॅब टाकण्याची तिसरी टूमही निघते. इटलीतल्या सान जुलियानो दी पुलिया या गावात शाळेच्या दगडी भिंतींवर काँक्रीटचा मजला चढवला होता. ३१ ऑक्टोबर २००२च्या मध्यम भूकंपात गावातली इतर घरं बव्हंशी टिकली आणि शाळा पडली. २७ मुलं आणि एक शिक्षिका गेली.

‘तुम्ही मुलांच्या जिवाशी खेळता आहात,’ हे वाक्य आम्हाला सहा महिने ऐकवलं जातं आहे. तेव्हा जरा मुलांविषयी बोलू. मुलं सध्या देवळाच्या सभामंडपात आणि समाजमंदिरात बसतात. त्या सभामंडपाचं ऑडिट केलंत? समाजमंदिराच्या स्लॅबमधून सळ्या बाहेर आल्या आहेत, खाली पहिली-दुसरीची पोरं बसतात. की शाळेच्या आवारातून बाहेर पडल्यावर झोन बदलतो?

‘जुन्याचं एवढं प्रेम कशाला,’ हा दुसरा आवडता टोमणा. प्रेम आहेच, त्यात लाजण्यासारखं काय? ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांचं नाव दाखल झालं म्हणून आपण विद्यार्थी दिवस पाळतो, भाषणं देतो. पण आत्ता मुद्दा प्रेमाचा नाहीच, मजबूत केलेली जुनी शाळा टिकते का, याचा आहे. नेपाळमध्ये १९९०च्या दशकापासून विटा-मातीच्या साध्या शाळा एकेक करून मजबूत केल्या गेल्या. २५ एप्रिल २०१५च्या भूकंपात हजारो शाळा पडल्या, तेव्हा काठमांडू खोऱ्यातल्या या मजबूत केलेल्या शाळा उभ्या राहिल्या. आपल्याहून श्रीमंत देश नाही तो.

‘खर्च परवडणार नाही’ म्हणणाऱ्यांनी खर्च काढून दाखवावा. नव्या इमारतीच्या निम्म्याहून जास्त गेला तर पाडायचा विचार करा, हा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे, आणि तो आम्हाला मान्य आहे. पण मजबुतीकरणाचं अंदाजपत्रकच कुणी केलेलं नसताना ते महाग ठरलं कसं? अशी गणितं परीक्षेत लिहिली तर शून्य मिळतं.

एक गोष्ट भीती घालायची म्हणून नाही, पण सांगायलाच हवी. कोयनेचा भूकंप पहाटे झाला, किल्लारीचाही पहाटेच, नेपाळचा शनिवारी, सुटीच्या दिवशी. शाळा तिन्ही वेळा रिकाम्या होत्या. काश्मीरमध्ये ८ ऑक्टोबर २००५ला तो सकाळी वर्ग भरल्यावर आला आणि हजारो मुलं वर्गातच गेली. आपल्याकडे तो सोयीच्या वेळी येईल, असं कुणी लिहून दिलेलं नाही. तेव्हा ज्यांना खरोखर घाई आहे त्यांनी मुलं आज कुठे बसतात, तिथून सुरुवात करावी.

१ मेच्या ग्रामसभेत ठराव मांडतो आहोत. लिलाव थांबवा. दगड-चुन्याच्या बांधकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याकडून भिंत दोन ठिकाणी उघडून तपासणी करा. मजबुतीचं आणि नव्या इमारतीचं, दोन्ही अंदाजपत्रकं शेजारी शेजारी ठेवा. पावसाळ्याआधी कौलं चाळा. हवं तर ते काम आम्ही करतो, शिडी आणि माणसं आमची. सभामंडप आणि समाजमंदिराचीही तपासणी करा. मागच्या दोन ग्रामसभा गणसंख्येअभावी तहकूब झाल्या. या वेळी घरटी एकाने तरी या, बायाबापड्यांनीही या. लिलावाची तारीख ९ मे आहे.