दाखल्याची राखण

शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी जातीचा दाखला, आधार कार्ड, बँकेचे पासबुक ही कागदपत्रे सोलापुरातील विडी व यंत्रमाग कामगार पालक शिक्षकांच्या हाती विश्वासाने सोपवितात. अनेक शाळांत त्यांची छायाचित्रे व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरतात. कार्यालयातील संगणकाचा पासवर्ड सर्वांस ठाऊक असतो. केवळ सोयीपोटी हे चालू द्यावे, हे आम्हांस मान्य नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरविला. संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्येच त्याचे मूळ आहे. ज्या समाजाला जात विचारून उंबरठ्यावर अडविले गेले, त्याच्या लेकरांचा दाखला चव्हाट्यावर येऊ नये. प्रत्येकाचा स्वतंत्र पासवर्ड असावा, अर्ज भरताच मोबाइलमधील छायाचित्रे पुसावीत, उठण्यापूर्वी लॉगआउट करावे. एवढी दक्षता हेदेखील स्वाभिमानाचेच शिक्षण होय.