गर्भिणीतील ‘शोथ’ : एका शब्दाचा घोटाळा

‘इन्फ्लमेशन’ला आपण ‘शोथ’ हा प्रतिशब्द रूढ केला आणि तेथेच घोटाळ्यास आरंभ झाला. पायांवरची सूज हा शोथ, आणि रक्तात वाढलेले सीआरपी, इंटरल्यूकिन-६ किंवा टीएनएफ-अल्फा हाही शोथच! मग गर्भिणीच्या तपासणीत सीआरपी वाढलेले दिसताच शोथघ्न कल्पांची योजना होऊ लागते. आमच्या मते ही चिकित्सा नव्हे, शब्दच्छल आहे.

प्री-एक्लॅम्प्सियाशी या घटकांचा संबंध आहे, हे निर्विवाद. प्राकृत गर्भावस्थेतही मातेच्या शरीरात सौम्य इन्फ्लमेशन असते व त्याचा अतिरेक म्हणजे हा व्याधी, असे मत रेडमन, सॅक्स व सार्जंट यांनी १९९९ मध्ये मांडले. परंतु जे प्राकृत गर्भिणीतही आढळते, त्यावरून व्याधीचा निश्चय कसा करावा? श्वेतपेशी गर्भावस्थेत वाढतातच. सीआरपी स्थौल्याने वाढते, मूत्रमार्गाच्या संसर्गानेही वाढते. समूहांच्या सरासरीतील फरक संशोधकाच्या उपयोगाचा; समोर बसलेल्या एका रुग्णेविषयी तो फारसे सांगत नाही.

निदान आजही साध्या साधनांनीच होते. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० वा अधिक, आणि जोडीला मूत्रात प्रथिने किंवा यकृत, वृक्क, बिंबाणू यांची विकृती. पायांची सूज तर निकषांतून केव्हाच वगळली गेली आहे. दाब १६०/११० वर पोहोचला, तर क्षणाचाही विलंब न करता प्रसूतितज्ज्ञांकडे पाठवणे हेच वैद्याचे कर्तव्य होय. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॅगपाय’ चाचणीत सुमारे १०,००० स्त्रियांचा अभ्यास झाला व मॅग्नेशियम सल्फेटने आक्षेपकाचा धोका निम्म्याहून अधिक घटल्याचे दिसले. येथे आपल्या भैषज्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही.

याहून चिंतेची बाब आपल्याच औषधालयातील आहे. शेवटच्या महिन्यांत पोटाच्या वरच्या भागी वेदना घेऊन आलेल्या स्त्रीस अम्लपित्त समजून यष्टिमधु देणे सर्रास चालते. ही वेदना प्री-एक्लॅम्प्सियातील यकृतविकृतीची असू शकते; आणि यष्टिमधूतील ग्लिसिऱ्हायझिन अधिक मात्रेत वा दीर्घकाळ घेतल्यास सोडियम साठवून पोटॅशियम घटवते व दाब वाढवते. गर्भिणीस काठोकाठ भरलेल्या तैलपात्राप्रमाणे सांभाळावे, असे सांगणाऱ्या चरकाचे आपण अनुयायी. तेव्हा अशा रुग्णेस चूर्णाची पुडी देण्यापूर्वी दंडावर दाबमापकाचा पट्टा बांधावा, मूत्रपरीक्षा करावी आणि दोन्हींची नोंद तिच्या हाती द्यावी.