सरवा आणि सरहद्द



'सरवा' या शब्दाचा अर्थ हिंगोली, वसमत, कळमनुरीकडील विद्यार्थ्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. पीक काढून झाल्यावर रानात मागे राहिलेली कणसे, शेंगा वेचणे म्हणजे सरवा वेचणे. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी रूथच्या कथेत हाच शब्द योजला आहे, आणि माझ्या दृष्टीने ती निवड फार नेमकी आहे. रूथ मवाब देशाची, म्हणजे परकी, त्यात विधवा. सासू नामीबरोबर ती बेथलेहेमास येते आणि सातूच्या हंगामात बवाजाच्या शेतात सरवा वेचते.

ही कथा बहुधा दयेची कथा म्हणून सांगितली जाते. माझ्या मते ती त्याआधी कायद्याची कथा आहे. शेताच्या कडा पूर्ण कापू नयेत, राहिलेले धान्य पुन्हा गोळा करू नये, ते गरिबासाठी व परक्यासाठी सोडावे, असा नियम लेवीय आणि अनुवाद या ग्रंथांत आहे. बवाज उदार होता, म्हणून त्याने गड्यांना पेंढ्यांतील काही ओंब्या मुद्दाम टाकावयास सांगितले. परंतु तो कृपण असता तरीही त्या नियमाने रूथला शेतात पाऊल ठेवता आले असते. तिचा देव कोणता, हेही त्या नियमाने विचारले नव्हते.

परदेशातून आलेल्यांविषयीच्या कायद्याची चर्चा ख्रिस्ती विचारवंतांत निघाली की एक पक्ष रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 13व्या अध्यायाकडे बोट दाखवतो: अधिकारी देवाने नेमलेले आहेत, त्यांच्या अधीन राहावे. मात्र त्याच अध्यायात पौल अधिकाऱ्याला लोकांच्या हितासाठी नेमलेला देवाचा सेवक म्हणतो, हे सहसा सांगितले जात नाही. सेवकाचा अधिकार त्याला नेमून दिलेल्या कामापुरताच असतो. सरहद्दीचे रक्षण करणे हे शासनाचे काम आहे, याविषयी माझे दुमत नाही. 'मग सगळेच येतील' या आक्षेपाचे उत्तरही सरव्याच्या नियमातच आहे. तो मालकाकडे शेताची कड मागतो, सगळे शेत मागत नाही.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा आहे असे समजू नका. सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि पैनगंगेपलीकडचे वऱ्हाड त्या राज्याबाहेरच्या प्रशासनाखाली होते. रझाकारांच्या काळात मराठवाड्यातील अनेक कुटुंबे सरहद्द ओलांडून गेली. आपणांपैकी काहींच्या घरी त्या आठवणी अजून निघत असतील.

त्याच दशकात, 1943 ते 1948 या काळात, कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेली ही माणसे इराणमार्गे आली होती. त्यांत स्त्रिया व मुले अधिक, आणि बहुतेक कॅथलिक. वसाहतीत शाळा होत्या, चर्च होते. या इतिहासाचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो वाटावाही. पण त्या आश्रयामागे राज्यकर्त्यांचा निर्णय होता. निर्वासिताला मागता येईल असा हक्क नव्हता. पुढे 1946 च्या परकीय नागरिक कायद्याने पर्यटक, घुसखोर आणि जीव वाचवून आलेला माणूस या सर्वांना 'परकीय' या एकाच शब्दात बसवले. निर्वासितांविषयीच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने स्वाक्षरी केलेली नाही. 1 सप्टेंबर 2025 पासून जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला, पण निर्वासित कोणास म्हणावे याची व्याख्या त्यातही नाही. भाषेचा अभ्यासक म्हणून मला हे खटकते. ज्याला कायद्यात नाव नाही, त्याला कायद्यापुढे गाऱ्हाणे मांडणे कठीण जाते.

याचा परिणाम मिझोरममध्ये दिसला. फेब्रुवारी 2021 च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमधील चिन लोक सीमा ओलांडून आले. केंद्राने हा ओघ थांबवण्यास सांगितले. राज्य शासनाने, चर्चने आणि गावकऱ्यांनी त्यांना आसरा दिला. हे चिन बहुसंख्येने ख्रिस्ती. 2019 च्या नागरिकत्व सुधारणा कायद्यातील सहा धर्मांच्या यादीत ख्रिस्ती धर्म आहे, पण तो कायदा पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान येथून 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्यांपुरताच आहे. यादीत आपल्या धर्माचे नाव पाहून समाधान मानणाऱ्या ख्रिस्ती वाचकाने या तपशिलापाशी थांबून विचार करावा.

आपले संविधान शब्दांच्या बाबतीत अधिक दक्ष आहे. अनुच्छेद 19 मधील स्वातंत्र्ये 'नागरिकांना' आहेत. अनुच्छेद 14 व 21 मधील संरक्षण मात्र 'व्यक्तीला' आहे. चकमा निर्वासितांच्या प्रकरणात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने याच भेदाचा आधार घेऊन, नागरिक असो वा नसो, प्रत्येकाच्या जीविताचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. त्या 'व्यक्ती'चे म्हणणे कोणी, किती दिवसांत ऐकावे, हे कायद्याने लिहून ठेवावयास हवे. आश्रय नाकारायचा असेल तर तो कारणे देऊन नाकारावा, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्या माणसाला परत पाठवू नये.