पूजेची गोळी चालते, मग ही का चालत नाही?



भाद्रपद जवळ आला की आमच्या सटाण्यात औषधाच्या दुकानांत एका गोळीची विचारणा सुरू होते. पाळी पुढे ढकलायची गोळी. दशलक्षणाचे दहा दिवस, घरात चौका लावलेला, महाराजांचा आहार, आणि सुनेची तारीख नेमकी त्यातच. २०१६ च्या फेब्रुवारीत मांगीतुंगीला भगवान ऋषभदेवांच्या १०८ फुटी मूर्तीचा पंचकल्याणक महोत्सव झाला, तेव्हा तर आमच्याकडे बायका एकमेकींना त्या गोळीचं नाव चिठ्ठीवर लिहून देत होत्या. डॉक्टरांना विचारलंस का, असं कोणी कोणाला म्हटलं नाही. कित्येक घरांत सासूबाईच पिशवीतून पाकीट आणून देतात.

आणि त्याच घरात सून म्हणाली, "आई, मला इतक्यात दुसरं नको आहे, डॉक्टरीणबाईंनी गोळी सुरू केलीय," की लगेच उत्तर मिळतं, "कशाला त्या हार्मोनच्या भानगडीत पडतेस? अंगाला बाधतं ते."

माझं भांडण इथे आहे.

मी बी.कॉम. आहे, डॉक्टर नाही. पण पाकिटावरचं वाचता येतं. पाळी लांबवायची गोळी म्हणजे नॉरएथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅमची, दिवसातून तीनदा. म्हणजे रोजचे १५ मिलिग्रॅम. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या माला-एनच्या एका गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल एस्ट्रॅडिओल ०.०३ मिलिग्रॅम. औषधं वेगळी आहेत, म्हणून हे आकडे एकाच तराजूत टाकता येत नाहीत, हे मला कळतं. पण हार्मोन दोन्हीकडे आहे. नॉरएथिस्टेरॉन एवढ्या मात्रेत घेतलं की त्यातला थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनसारखाच होतो, म्हणून जिला रक्ताची गाठ होण्याचा त्रास झालेला आहे तिने ते विचारल्याशिवाय घ्यायचं नसतं. शिवाय त्या गोळीने गर्भ राहायचा थांबेल असं धरून चालता येत नाही, आणि पुष्कळ जणी तसं धरून चालतात. मग एक हार्मोन बाधतो आणि दुसरा बाधत नाही, हा हिशेब कुठल्या वहीतला? एक गोळी घराच्या सोयीची आहे आणि दुसरी बाईच्या, एवढाच फरक मला दिसतो.

"पण त्रास होतोच ना नव्या गोळीने?" होतो. तो नाकारणाऱ्यांवरही माझा राग आहे. मळमळ, डोकं दुखणं, छाती जड होणं, उगाच चिडचिड, आणि पाळी नसताना मध्येच डाग पडणं. बहुतेक जणींचं हे दोन-तीन महिन्यांत बसतं. अंगाला नवीन मात्रेची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. नाही बसलं तर डॉक्टर गोळी बदलून देतात. पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत कळ आली, पूर्वी कधी झालं नव्हतं असं डोकं ठणकलं किंवा डोळ्यापुढे अंधारलं, तर मात्र तीन महिने वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. ब्लड प्रेशर असलेली, अर्धशिशीत डोळ्यापुढे चमकणारी, बाळ सहा महिन्यांच्या आतलं असून अंगावर पाजणारी, अशा बायकांना ही इस्ट्रोजेनची गोळी सहसा देतच नाहीत. त्यांनी आधीच सांगायला हवं आणि डॉक्टरांनी आधीच विचारायला हवं.

यातल्या मळमळीचं कोणाला काही वाटत नाही. आपल्या घरांत अडतं ते डागापाशी.

माझ्या माहितीतली एक सून आहे. नाव नाही सांगत, गावही नाही. दोन मुलं, धाकटं दीड वर्षाचं. गोळी सुरू केली आणि पहिल्याच महिन्यात डाग पडायला लागले, आज आहे, उद्या नाही, परवा पुन्हा. घरची रीत कडक. स्वयंपाकघर बंद, मंदिर बंद. अकरा दिवस ती बाजूला. दीर, नणंद, शेजारीण, सगळ्यांना कळलं की हिचं काहीतरी चाललंय. शेवटी घरच्या मोठ्यांनी ठरवलं, गोळी बंद. अर्धं पाकीट कपाटात पडून राहिलं. नवऱ्याने दुसरी काही काळजी घेतली नाही, ती त्याला कोणी सांगितलीही नाही. पुढे दिवस राहिले. मग दुकानातून गुपचूप गर्भ पाडायचं किट आलं. ते औषध कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं. रक्तस्राव इतका झाला की रात्री गाडी करून नाशिकला न्यावं लागलं. ती वाचली.

आपण कांदा-लसूण खात नाही, पाणी गाळून पितो, दिवा लावताना किडा पडेल म्हणून झाकण ठेवतो. आणि अकरा दिवसांच्या डागापायी घरात हे घडू देतो. याला अहिंसा म्हणायचं असेल तर मला समजावून सांगा.

पाळी पाळावी की पाळू नये, हा वाद मी आज काढत नाही. मी स्वतः पाळत आले. पण गोळीने मधूनच पडणारा डाग म्हणजे महिन्याची पाळी नव्हे. मात्रा बदलल्यामुळे गर्भाशयाचं पातळ झालेलं अस्तर थोडं थोडं सुटतं, तो तो डाग. औषधाचा परिणाम आहे तो. त्याला चार दिवसांचा नियम लावून बाईला पंधरवडाभर बसवायचं हे कुणी ठरवलं?

आता आपल्या नियमांचं. गोळी रोज एकाच वेळी घ्यायची असते, आणि डॉक्टर सवयीने "रात्री जेवल्यावर" सांगून मोकळे होतात. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणारी बाई रात्री नऊला गोळी कशी घेणार? मग विसरते, चुकते, आणि चुकलेल्या गोळीने डाग आणखी वाढतात. स्पष्ट सांगा की आमचा रात्रीचा त्याग आहे, आणि सकाळच्या खाण्याबरोबरची वेळ ठरवा. पोटात काही असलं की मळमळही कमी होते. एक गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्यायची. दोन किंवा जास्त चुकल्या तर पुढचे सात दिवस निरोध लागतो. दहा उपवास करणारीने भाद्रपदाच्या आधीच डॉक्टरांशी बोलावं. लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेतली आपल्या देशातली सहेली, जी आता सरकारी दवाखान्यात छाया नावाने मिळते, ती हार्मोनची नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. तिने पाळी लांबते, तेवढं आधी माहीत असलेलं बरं.

आणि एक गंमत. जी बाई माला-एनसारख्या गोळीवर आहे तिला पूजेसाठी वेगळी गोळी लागतच नाही. एकवीस पांढऱ्या गोळ्या संपल्या की लोहाच्या सात न घेता पुढचं पाकीट लगेच सुरू केलं तरी पाळी पुढे जाते. एकदा डॉक्टरांना विचारून घ्या. ज्या गोळीला घर नावं ठेवतं तीच चौका सांभाळते!

"आमच्या वेळी नव्हतं बाई असं काही," हे मला अगदी पटत नाही. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचा दवाखाना १९२१ साली काढला, त्यापायी नोकरी गेली. पुढे १९५६ मध्ये पोर्तो रिकोच्या बायकांवर पहिल्या गोळीची मोठी चाचणी झाली. मळमळ, चक्कर येते असं त्या सांगत होत्या, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तसं लिहूनही कळवलं, पण वरच्यांनी ते बायकांच्या मनाचे खेळ ठरवले. १९७० साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये गोळीवर सुनावणी झाली, तर साक्षीला गोळी घेणारी एकही बाई नव्हती. बायका उभ्या राहून ओरडल्या, तेव्हा कुठे गोळीबरोबर धोक्याची माहिती देणारा कागद आला. आज पाकिटात येतो तो कागद आपण न वाचता टाकतो.

"मग सून डाग असताना चौक्यात उभी राहिली तर?" हे मला नक्की विचारलं जाईल. तुमच्या मनाला पटत नसेल तर नका उभी करू. त्या तीन महिन्यांत चौका जावेने लावावा, नाहीतर शेजारच्या घराने. बाळंतपणात, सुतकात आपण अशी अदलाबदल करतोच, आणि कारण कोणी चौकात सांगत बसत नाही.