अडीनडीचा पैसा

जर्मन भाषेत ‘नोट’ म्हणजे कागदी नोट नव्हे, नड, निकड. ‘गेल्ड’ म्हणजे पैसा. तेव्हा ‘नोटगेल्ड’ला आपण सरळ ‘अडीनडीचा पैसा’ म्हणावे. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. लोकांनी चांदीची नाणी दडवली, तांबे आणि निकेल दारूगोळ्याकडे गेले आणि दुकानदारापाशी मोड उरेना. मग गावोगावच्या नगरपालिकांनी जस्ताची, लोखंडाची नाणी स्वतःच पाडून घेतली. पाच, दहा, पन्नास फेनिग. कुणावर ‘युद्धाचा पैसा’ असे लिहिलेले, कुणावर ‘सुट्या पैशांच्या बदली’. गावाची वेस ओलांडली की किंमत बहुधा संपली! अलिबागेचा पैसा रेवदंड्याच्या बाजारात कोणी घेऊ नये, तसा प्रकार.

पुढे १९२१च्या सुमारास माइसेनच्या कारखान्यात चक्क चिनी मातीची नाणी झाली. दिसायला मोठी देखणी. पण त्यांतली पुष्कळशी छंदिष्टांच्याच खिशावर डोळा ठेवून काढलेली. मला खरे मोल वाटते ते भाजीवालीच्या हातून फिरलेल्या काळ्या लोखंडी चकतीचे.

आमच्या घरातल्या मंडळींना याचे कौतुक नाही. “मोडीत घातली तरी दमडी यायची नाही,” असे सौ. म्हणते. पण वाचकहो, हा सगळा परक्यांचाच इतिहास आहे असे समजू नका. त्याच महायुद्धात चांदी महागली म्हणून १९१७ साली आपल्याकडे एक रुपयाची नोट निघाली आणि १९१८ साली अडीच रुपयांची! दुसऱ्या महायुद्धात मोड पुन्हा नाहीशी झाली. मोरवी, नवानगर, जुनागढ अशा संस्थानांनी पुठ्ठ्याचे छापील तुकडे चालवले. आणि सरकारने १९४३ साली काढला तो आपला भोकाचा पैसा. जुना पैसा पावणेपाच ग्रॅमच्या वर, हा जेमतेम दोन ग्रॅमचा. कुणी तो वॉशर म्हणून वापरला, कुणी पोराच्या करगोट्यात ओवला. सौ.च्या आजीच्या डब्यात असे सात पैसे निघाले, तेव्हापासून तिने निदान ते तरी स्वतःच्या ताब्यात ठेवले आहेत.

भोकाचा पैसा ब्राँझचा. तो आमच्या खाऱ्या वाऱ्याला पुरून उरतो. जर्मन लोखंडाचे तसे नाही. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात खिडकीचे गज सोलतात, तिथे शंभर वर्षांच्या चकतीची काय कथा! लोखंडाला तांबेरा चढतो, जस्तावर पांढरी बुरशीसारखी पूड धरते. म्हणून मी ती घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवतो. औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या आत टाकतो आणि पुड्या जुन्या झाल्या की बदलतो. चिंच, लिंबू, राखुंडी यांना बरणीजवळ फिरकू देत नाही. आंबटाने पितळ उजळते, जस्त खाल्ले जाते. लक्ष्मीपूजनाला पाटावर चांदीचा राणीछाप रुपया जातो, त्याला हळदकुंकू वाहावे. जर्मन मंडळींना पाण्याचा थेंबही नको.

एवढे करूनही यंदाच्या श्रावणात पन्नास फेनिगचे एक जस्ती नाणे पांढरे पडले. गावाचे नाव अजून वाचता येते. मानचिन्हातला सिंह मात्र कमरेपासून खाली गेला.