जड पाणी आणि गोगलगाय

आमच्याकडे दोंडाईच्याला बोअरच्या पाण्याला सगळेच नावं ठेवतात. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरे डाग! म्हणून आरओ आला, आणि हौसेपोटी तेच ‘शुद्ध’ पाणी काही घरांत फिशटँकमध्येही जातं. माझ्या मते हा टँकमधल्या गोगलगायीवर अन्याय आहे.

तिचा शंख म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ते कॅल्शियम ती खाण्यातून आणि पाण्यातून घेते, आणि आरओ नेमकं तेच काढून टाकतो. पाण्याचा पीएच ७ च्या खाली गेला की शंख झिजू लागतो; आधी टोकाकडे, कारण तो भाग सर्वांत जुना. तिथे पडलेले खड्डे बुजत नाहीत. नवा शंख फक्त तोंडाच्या कडेला वाढतो. म्हणून काळजी आधीच घ्यायला हवी.

उपाय साधेच आहेत. आरओऐवजी बोअरचं पाणी वापरा, टँकमध्ये समुद्रफेसाचा तुकडा टाका, आणि माशांचं तांबंयुक्त औषध टाळा. तांबं गोगलगायींना विषासारखं.

असो. आपल्याला जे पाणी जड, त्यातूनच तिचं घर उभं राहतं. ‘शुद्ध’ म्हणजे सगळ्यांसाठी चांगलं असं नसतं, एवढंच म्हणायचं होतं.